अपस्मारग्रस्त मूल आणि त्याचे आईवडील

झाशीहून मऊरानीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बेतवा नदी ओलांडल्यानंतर काही अंतराने बरुआसागर हे लहानसे शहर लागते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओरछाचा राजा उदितसिंह याने बांधलेला विस्तीर्ण तलाव, तलावाच्या काठचा किल्ला आणि सभोवतालच्या मळ्यांतून पिकणारे आले व भाजीपाला यांसाठी हे स्थान प्रसिद्ध आहे. अशा गावातील एका घराची कल्पना करावी. वडील पहाटे बाजारात भाजी पोचवतात, आई घर सांभाळते आणि तिसरे अपत्य असलेल्या पाच वर्षांच्या मुलीला दिवसातून अनेकदा अपस्माराचे झटके येतात. रात्री आईचा एक हात मुलीच्या अंगावर असतो. तो हात आधारासाठी जितका, तितकाच पहाऱ्यासाठी असतो. मुलीचे अंग ताठ झाले की आईला सर्वप्रथम कळते ते त्या हातामुळे.

हे घर काल्पनिक असले, तरी अशी घरे काल्पनिक नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतील जवळजवळ ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. प्रस्तुत लेख मुख्यतः उरलेल्या मुलांविषयी, म्हणजे ज्यांचे झटके औषधांना सहजासहजी दाद देत नाहीत अशा मुलांविषयी आणि त्यांच्या आईवडिलांविषयी आहे. या आईवडिलांकडे सामान्यतः दुर्दैवी जीव म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ते उपचाराचा एक अत्यावश्यक भाग आहेत, ही गोष्ट वैद्यक आणि समाज या दोघांच्याही पुरेशी ध्यानात येत नाही.

रोगाचे स्वरूप

मेंदूतील कोट्यवधी पेशी सूक्ष्म विद्युत्‌-संदेशांच्या द्वारे एकमेकींशी व्यवहार करीत असतात. हा व्यवहार सामान्यतः शिस्तीत चालतो. परंतु काही कारणाने पेशींचा एखादा समूह, किंवा संपूर्ण मेंदूच, एकाच वेळी अनियंत्रितपणे संदेश सोडू लागला, म्हणजे झटका येतो. असे झटके पुनःपुन्हा येण्याच्या प्रवृत्तीला अपस्मार म्हणतात. मराठीत त्याला फेफरे किंवा मिरगी अशी नावे आहेत. व्यवहारात 'फिट येणे' हाच शब्दप्रयोग अधिक रूढ आहे.

सर्वच झटके सारखे नसतात. मूल खाली कोसळते, अंग ताठ होते, हातपाय आचके देऊ लागतात, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा असतो. परंतु काही झटक्यांत मूल केवळ काही सेकंद शून्यात पाहत राहते, काहींत एकच हात थरथरतो, तर काहींत मान अकस्मात खाली झुकते. सौम्य दिसणारा झटका सौम्य रोगाचेच लक्षण असतो असे नाही. लहान मुलांमधील काही अत्यंत गंभीर प्रकार प्रथमदर्शनी अगदी क्षुल्लक भासतात.

कारणेही अनेक आहेत. काही मुलांत जन्मतःच जनुकांत दोष असतो. काहींत मेंदूची घडण सदोष असते. उत्तर भारतात, प्रसूतीच्या वेळी प्राणवायू अपुरा पडल्याने किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्तातील साखर फार खाली गेल्याने मेंदूस झालेली इजा हे तीव्र अपस्माराचे एक मोठे कारण आहे. मेंदूज्वर हे आणखी एक कारण होय. डुकरांमार्फत पसरणाऱ्या फीतकृमीची अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली, तर त्या कृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि झटके सुरू होतात. मांसाला कधीही स्पर्श न करणाऱ्या कुटुंबातही हा रोग आढळतो, त्याचे कारण हेच. यांपैकी बऱ्याच कारणांना सुरक्षित प्रसूती, नवजात बालकास वेळेवर दूध, लसीकरण आणि स्वच्छता यांनी आळा घालता येतो. भूतबाधा, पूर्वजन्मीचे पाप किंवा आईने गरोदरपणी केलेली चूक यांचा या रोगाशी काहीही संबंध नाही.

एका पित्याचे पत्र

आईवडिलांचे निरीक्षण किती मोलाचे असते, याचे उत्कृष्ट उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातच आहे. १८४१ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात विल्यम जेम्स वेस्ट नावाच्या एका इंग्रज डॉक्टरचे पत्र प्रसिद्ध झाले. पत्राचा विषय होता त्याचा स्वतःचा, सुमारे एक वर्षाचा मुलगा. मूल चार महिन्यांचे असताना त्याची मान अधूनमधून किंचित पुढे झुकते, असे वेस्टच्या ध्यानात आले होते. हळूहळू हे झुकणे वाढत गेले. डोके गुडघ्यांकडे खेचले जाई, लगेच सैल पडून मूल पूर्ववत होई आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच घडे. असे एका वेळी दहा-वीस वेळा होई आणि दोन-तीन मिनिटांत सारे थांबे. झटक्यांबरोबरच मुलाची बौद्धिक वाढ खुंटली आहे, हेही पित्याने नोंदविले होते. जळवा लावण्यापासून अफूपर्यंत त्या काळचे सर्व उपाय करून तो थकला होता. आपल्या व्यवसायबंधूंपैकी कोणाला काही ठाऊक असेल तर त्याने सांगावे, एवढीच त्याची विनंती होती.

त्या काळी या विनंतीला उत्तर देणे कोणालाही शक्य नव्हते. परंतु वेस्टने केलेले वर्णन इतके अचूक होते, की आज हा विकार 'वेस्ट सिंड्रोम' याच नावाने ओळखला जातो. आज त्यावर विशिष्ट संप्रेरकांचे व औषधांचे उपचार आहेत आणि ते जितक्या लवकर सुरू होतील तितका लाभ अधिक होण्याची शक्यता असते. दुर्दैवाने, बाळाचे असे झुकणे म्हणजे पोटातील कळ किंवा दचकणे आहे असे समजून बहुमोल आठवडे वाया जातात.

वेस्ट हा डॉक्टर होता खरा. पण रोगाचे लक्षण त्याला दिसले ते बाप म्हणून दिवसरात्र मुलाजवळ असल्यामुळे. डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतो, आणि त्या दहा मिनिटांत झटका येईलच असे नाही. म्हणून निदानाचा मोठा भाग आईवडिलांनी दिलेल्या माहितीवर अवलंबून असतो. झटक्यापूर्वी मूल काय करीत होते, डोळे कोणत्या बाजूस वळले, प्रथम कोणता हात हलला, किती वेळ गेला, नंतर मूल झोपी गेले की लगेच खेळू लागले, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरातून मेंदूच्या कोणत्या भागात बिघाड आहे याचा माग लागतो. आज बरुआसागरमधील आईच्या हातातही मोबाइल फोन असतो. त्यावर टिपलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण आणि साध्या वहीत तारीखवार केलेली झटक्यांची नोंद वेस्टच्या पत्राचेच काम करते. मेंदूचा विद्युत्‌-आलेख, म्हणजे ई.ई.जी., हान्स बर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२९ मध्ये जगापुढे मांडला. पण आजही तो आलेख या नोंदीची जागा घेऊ शकत नाही. ती नोंद त्याला पूरक ठरते.

औषधाची शिस्त

अपस्मारावर चमत्कारिक उपाय करण्याची परंपरा जुनी असली, तरी तर्कशुद्ध विचारही तितकाच जुना आहे. चरकसंहितेत अपस्माराचे दोषांनुसार चार प्रकार वर्णिलेले आहेत, आणि ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात हा रोग दैवी नसून त्याचे मूळ मेंदूत आहे असे ठामपणे सांगितले आहे. परिणामकारक औषधे मात्र बऱ्याच उशिरा आली. १८५७ मध्ये ब्रोमाइड, १९१२ मध्ये फेनोबार्बिटोन आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन यांचे गुण ध्यानात आले. त्यानंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि अनेक नवी औषधे आली. औषध केवळ नवे आहे म्हणून ते चांगले, असे मात्र नाही. मुलाच्या अपस्माराच्या प्रकाराशी ते जुळले पाहिजे. फ्रेंच डॉक्टर शार्लोत द्रावे यांनी १९७८ मध्ये वर्णिलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात, एरवी उत्तम ठरलेले कार्बामाझेपिन झटके वाढवू शकते. यावरून नेमके निदान किती महत्त्वाचे आहे हे ध्यानात येईल.

डॉक्टर औषध लिहून देतो. पण ते रोज ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षे देण्याचे काम घराला करावे लागते. हे काम वाटते तितके सोपे नाही. पातळ औषध घरातील चमच्याने मोजले तर मात्रा कमीजास्त होते. त्यासाठी खुणा असलेली पिचकारी लागते. मुलाचे वजन वाढले की मात्राही बदलावी लागते. कुटुंब मजुरीसाठी दिल्लीकडे गेले, तर तेथे पहिल्या आठवड्यात औषध कोठून मिळणार, याचा विचार निघण्यापूर्वीच करावा लागतो. कारण औषध एकाएकी बंद पडले की न थांबणारे झटके येऊ शकतात. झटके थांबले म्हणून आपण होऊन औषध बंद करणे, किंवा देवाला नवस बोलल्यावर गोळ्यांची गरज उरली नाही असे मानणे, या दोन चुका फार महाग पडतात. श्रद्धेला कोणाची हरकत नाही. तिच्या जोडीला औषध चालू राहिले पाहिजे, एवढेच.

झटका येतो तेव्हा

झटका पाहणाऱ्याला वाटते की काहीतरी तातडीने केलेच पाहिजे. या घाईतूनच बहुतेक इजा होतात. तोंडात चमचा किंवा बोट घालणे, कांदा किंवा चामड्याचा जोडा हुंगावयास लावणे, हातपाय दाबून धरणे, पाणी पाजणे, यांपैकी कशानेही झटका थांबत नाही. चमच्याने दात तुटतात, पाण्याने मूल गुदमरते. जीभ गिळली जात नाही, त्यामुळे ती धरण्याचीही गरज नसते.

करावयाचे ते थोडके आहे. मुलाला सपाट जागी कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वासाला वाट मोकळी राहील. डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, जवळची कठीण वस्तू दूर सारावी आणि घड्याळ पाहावे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. आचके पाच मिनिटांहून अधिक काळ चालले, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा झटका आला, तर ती तातडीची अवस्था समजावी. अशा वेळी घरी वापरण्यासाठी नाकात फवारण्याचे मिडाझोलाम हे औषध भारतात मिळते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घरात ठेवावे आणि वापरण्याची रीत आधीच शिकून घ्यावी. बरुआसागरहून झाशीला जाण्यास वाहन मिळेपर्यंतचा वेळ लक्षात घेता, ही लहानशी बाटली किती मोठे काम करते हे सांगावयास नको.

अपस्मारग्रस्त मुलाच्या घरात चूल, विहीर आणि तलाव यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. ज्या पाण्यावर सारे गाव जगते, त्याच पाण्यात झटका आलेले मूल काही क्षणांत बुडू शकते. म्हणून एकट्याने पोहणे नको, आणि स्नानाच्या वेळी दाराची कडी लावलेली नको. परंतु या सावधगिरीचा अर्थ मुलाला कोंडून ठेवणे असा नाही. शेजारी एक जाणता माणूस असेल तर मुलाला खेळता येते, शाळेत जाता येते, जत्रेतही जाता येते.

एक कठीण गोष्टही आईवडिलांना समजावयास हवी. अपस्मार असलेल्या मुलाचा, बहुधा झोपेत, अकस्मात मृत्यू होण्याची शक्यता असते. ती फार अल्प आहे, वर्षाला सुमारे साडेचार हजार मुलांमध्ये एक. परंतु झटके अनियंत्रित असतील तर ती वाढते. झटके ताब्यात ठेवणे हाच तिच्यावरचा मुख्य उपाय असल्याने हे सत्य लपवून ठेवण्यात कोणाचेही हित नाही. रात्री मुलीच्या अंगावर हात ठेवून झोपणारी आई वेडी नसते. तिची भीती निराधार नसते.

औषधे अपुरी पडतात तेव्हा

योग्य निवडलेली आणि योग्य मात्रेत दिलेली दोन औषधे अयशस्वी ठरली, तर अपस्मार औषधांना दाद देत नाही असे समजावे, हा निकष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१० मध्ये निश्चित केला. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की तिसरे, चौथे, पाचवे औषध बदलून पाहण्यात वर्षे न घालवता मुलाला मोठ्या केंद्रात दाखवावे.

तेथे दोन मार्गांचा विचार होतो. पहिला आहाराचा. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी सुचविलेल्या किटोजेनिक आहारात स्निग्ध पदार्थ फार अधिक आणि पिष्टमय पदार्थ अत्यल्प असतात. त्यामुळे शरीर साखरेऐवजी चरबीवर चालू लागते आणि कित्येक मुलांचे झटके कमी होतात. ऐकावयास हे सोपे वाटते. पण पोळी, भात, बटाटा, फळे आणि साखर जवळजवळ वर्ज्य करून लोणी, साय, पनीर, खोबरे यांवर मुलाला ठेवणे म्हणजे काय, हे स्वयंपाक करणारी आईच जाणते. भावंडे जेवत असताना एका मुलाचे ताट वेगळे वाढावे लागते. शेजारणीने प्रेमाने दिलेला पेढा परत करावा लागतो. हा आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय करू नये. परंतु देखरेखीखाली तो एक खरा उपचार आहे.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. भारतात अपस्मारावरील शस्त्रक्रियेची सुरुवात १९५२ साली वेलोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी केली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिचे मोल निर्विवादपणे दाखविले. औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेल्या ११६ मुलांपैकी ५७ मुलांवर शस्त्रक्रिया झाली आणि ५९ मुलांना केवळ औषधे चालू ठेवली गेली. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले झटक्यांपासून मुक्त होती. औषधांवरील मुलांत हे प्रमाण ७ टक्के होते. शस्त्रक्रिया झालेल्या १९ मुलांना मात्र गंभीर परिणाम सोसावे लागले आणि त्यांतील बहुतेकांच्या शरीराची एक बाजू दुबळी झाली. कोणत्या लाभासाठी कोणता तोटा पत्करावयाचा, हा निर्णय अखेर आईवडिलांनाच घ्यावा लागतो. तो घेताना त्यांना घाई न करता सर्व काही समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य होय.

घर आणि गाव

सर्व उपाय करूनही काही मुलांचे झटके थांबत नाहीत, आणि त्यांची बौद्धिक वाढही मंदावते. अशा घरात उपचाराचा अर्थ बदलतो. दिवसाला वीस झटक्यांचे पाच झाले, मूल आधाराने बसू लागले, आईला सलग चार तास झोप मिळाली, तर त्यालाही यश म्हणावे लागते. झोपेचा प्रश्न क्षुल्लक नाही. वर्षानुवर्षे जागणारी आई चिडचिडी होते, आजारी पडते, औषधाची वेळ चुकते. वडिलांनी आळीपाळीने रात्र वाटून घेणे ही केवळ माया नव्हे, तो उपचाराचा भाग आहे. निरोगी भावंडांनाही आईवडिलांचा काही वेळ केवळ स्वतःसाठी मिळावयास हवा. नाहीतर लहान वयातच ती अकाली प्रौढ होतात.

सर्वांत जड ओझे असते ते लपविण्याचे. मुलीला फेफरे येते हे कळले तर तिचेच नव्हे, तिच्या बहिणींचेही विवाह जमणार नाहीत, या भीतीने शेजारपाजाऱ्यांपासून रोग दडविला जातो आणि संकटाच्या क्षणी मदतीला कोणीच नसते. या भीतीला कायद्यानेही दीर्घकाळ खतपाणी घातले. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख वेडाच्या जोडीने केलेला होता. तो उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. कायदा बदलला, मने त्या गतीने बदलत नाहीत. १९७० मध्ये स्थापन झालेली भारतीय अपस्मार संघटना आणि पुण्यात, स्वतः अपस्माराचा अनुभव घेतलेल्या यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला 'संवेदना' हा आधारगट, यांनी याच दिशेने काम केले आहे. आपल्यासारखेच दुसरे आईबाप समोर बसलेले पाहिले, की लपविण्याचे ओझे अर्धे उतरते, असा अशा गटांचा अनुभव आहे.

शासकीय व्यवस्थेतही काही वाटा उपलब्ध आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या ज्या विकारांची तपासणी होते, त्यांत झटक्यांचा विकारही आहे. झाशीत १९६८ मध्ये स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९९१ पासून धावणाऱ्या 'लाइफलाइन एक्सप्रेस' या रुग्णालय-गाडीने २००९ पासून अपस्माराची शिबिरेही भरविली आणि दिल्लीचा तज्ज्ञ लहान स्थानकापर्यंत येऊ शकतो हे दाखवून दिले. त्रुटीही आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अपस्माराचा स्वतंत्र उल्लेख नाही. मुलाला बौद्धिक अक्षमता किंवा मेंदूचा पक्षाघात असेल तरच त्याला त्या मार्गाने सवलती मिळतात. ज्याचे केवळ झटके अनियंत्रित आहेत, असे मूल या चौकटीबाहेर राहते.

तरीही बहुतेक साहाय्य फारसे खर्चाचे नाही. शाळेतील शिक्षिकेला मुलाला कुशीवर कसे वळवावे हे ठाऊक असणे, औषधाच्या दुकानात महिन्याच्या अखेरीस तीच गोळी मिळणे, आणि शेजारणीने एक दुपार मुलीजवळ बसून आईला झोपू देणे, या तीन गोष्टी कोणत्याही गावाला शक्य आहेत. शेजारीण पहिल्या दिवशी भीत भीतच बसेल. मुलीला झटका येईल, ती तिला कुशीवर वळवील, घड्याळ पाहील आणि तीन मिनिटांनी सारे शांत होईल. आई जागी झाल्यावर ती सांगेल की डोळे डावीकडे वळले होते. मग वहीत त्या दिवसाची नोंद प्रथमच दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेली असेल.